शिकलेली माणसे परदेशी जातात तेव्हा : नफा कोणाच्या पदरी, तोटा कोणाच्या माथी

नाशिकला दिंडोरी रस्त्यावर, म्हसरूळच्या बाजूला महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाचे मुख्यालय आहे. १९९८ मध्ये स्थापन झालेल्या या विद्यापीठाशी, अभिमत विद्यापीठे वगळली तर, राज्यातील वैद्यकीय, दंत, आयुर्वेद, होमिओपॅथी, परिचर्या अशा जवळपास सर्व आरोग्यशाखांची महाविद्यालये संलग्न आहेत. त्यामुळे मुंबईत शिकलेला भूलतज्ज्ञ असो वा नागपुरात शिकलेली परिचारिका, त्यांच्या पदवीवर नाव असते ते नाशिकच्या विद्यापीठाचे. यांपैकी काही पदव्या पुढे ब्रिटन, अमेरिका, जर्मनी किंवा आखाती देशांतल्या रुग्णालयांत पोहोचतात. याच नाशिक जिल्ह्याच्या पश्चिम पट्ट्यात सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर हे आदिवासीबहुल तालुके आहेत आणि तिथल्या अडलेल्या बाळंतिणीला घाटरस्त्याने नाशिकच्या सिव्हिलमध्ये आणावे लागणे ही आजही नवलाची गोष्ट नाही.

या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे का, आणि असल्यास किती, हे नीट समजून घेण्यासारखे आहे. शिकलेली माणसे देश सोडून जातात तेव्हा देशाचे भले होते की नुकसान, या प्रश्नावर आपल्याकडे गेली पन्नास-साठ वर्षे वाद चालू आहे. एक बाजू म्हणते की गरीब देशाने पोटाला चिमटा काढून शिकवलेली माणसे श्रीमंत देश आयती घेऊन जातात. दुसरी बाजू परदेशातून येणाऱ्या पैशाकडे आणि परत आलेल्या उद्योजकांकडे बोट दाखवते. माझ्या मते या वादात एक महत्त्वाची गोष्ट राहून जाते. नफा आणि तोटा दोन्ही खरे आहेत. परंतु ते एकाच माणसाच्या, एकाच गावाच्या किंवा एकाच खात्याच्या वाट्याला येत नाहीत. संपूर्ण देशाची बेरीज-वजाबाकी करून एक आकडा काढला, तर कोणाचे नेमके काय गेले हे त्या आकड्यात दिसेनासे होते.

आधी जातात कोण, ते पाहू. दुसऱ्या महायुद्धानंतर भारतीय डॉक्टर ब्रिटनला जात होतेच. १९४८ मध्ये सुरू झालेली तिथली राष्ट्रीय आरोग्य सेवा मोठ्या प्रमाणात भारतीय उपखंडातील डॉक्टरांच्या बळावर उभी राहिली. अमेरिकेने १९६५ मध्ये आपला स्थलांतर कायदा बदलून देशागणिक ठरलेला जुना कोटा रद्द केला आणि आशियातील उच्चशिक्षितांसाठी मोठे दार उघडले. आयआयटी मुंबईत प्रा. सुहास सुखात्मे यांच्या पुढाकाराने झालेल्या अभ्यासात असे आढळले की १९७० च्या दशकात तिथून बाहेर पडलेल्या अभियंत्यांपैकी सुमारे ३१ टक्के परदेशात स्थायिक झाले होते. अलीकडच्या एका अभ्यासात २०१० च्या आयआयटी प्रवेश परीक्षेतील गुणवंतांचा माग काढण्यात आला. पहिल्या हजारांतील ३६ टक्के परदेशी गेले होते, तर पहिल्या शंभरांतील ६२ टक्के. म्हणजे गुणवत्तायादीत जितके वर जावे तितके परदेशी जाण्याचे प्रमाण वाढत जाते, आणि बहुतेकांचा पहिला मुक्काम नोकरी नसून उच्च शिक्षण असतो.

पगारातील फरक हे याचे सर्वांत ठळक कारण आहे, पण एकमेव नाही. डॉक्टर, संशोधक किंवा अभियंता यांच्याशी बोलताना पगाराइतकेच वारंवार येणारे मुद्दे म्हणजे यंत्रसामग्री, सहकारी, वेळेवर होणारी पदोन्नती आणि आपले काम आपल्या पद्धतीने करण्याची मुभा. नवजात शिशूंच्या अतिदक्षतेत तज्ज्ञ झालेल्या डॉक्टरला जिथे व्हेंटिलेटरच नाही तिथे नेमले, तर त्याचे निम्मे शिक्षण वाया जाते; आणि असे वाया जाणे काही वर्षे सहन केल्यावर तो निघून गेला, तर त्याला स्वार्थी म्हणणे मला अन्यायाचे वाटते.

आता तोट्याकडे वळू. सर्वसाधारणपणे पहिला हिशेब मांडला जातो तो शिक्षणावर झालेल्या सरकारी खर्चाचा. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात एक डॉक्टर घडवताना विद्यार्थ्याच्या शुल्कातून भागतो तो खर्चाचा लहानसा भाग. बाकीचा भार करदाते उचलतात. हा तोटा खरा आहे, पण तो एकदाच होतो. त्याहून मोठा तोटा पुढच्या तीस-पस्तीस वर्षांत हळूहळू होतो, कारण परदेशात राहणारा माणूस तिथल्या कमाईवर भारतात प्राप्तिकर भरत नाही. मिहिर देसाई, देवेश कपूर या अभ्यासकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतील भारतीयांच्या बाबतीत हा हिशेब मांडला आहे. २००० च्या सुमारास अमेरिकेत राहणारे, भारतात जन्मलेले लोक भारताच्या लोकसंख्येच्या अवघे ०.१ टक्के होते. परंतु त्यांचे एकत्रित उत्पन्न भारताच्या राष्ट्रीय उत्पन्नाच्या सुमारे १० टक्क्यांइतके होते. हीच माणसे भारतात राहिली असती तर त्यांनी काय कमावले असते, त्यावर किती कर भरला असता आणि त्यांच्यावर सरकारचा किती खर्च झाला असता, याचा अंदाज बांधल्यावर त्यांना २००१ मधला सरकारी तिजोरीचा निव्वळ तोटा राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.२४ ते ०.५८ टक्के इतका आढळला. आकडा लहान वाटतो. परंतु ज्या देशात केंद्र आणि राज्ये मिळून सार्वजनिक आरोग्यावर तेव्हा राष्ट्रीय उत्पन्नाच्या जेमतेम एक टक्क्याच्या आसपास खर्च करत होती, तिथे तो मुळीच लहान नाही.

मात्र तिजोरीच्या तोट्यापेक्षा मला अधिक महत्त्वाची वाटते ती रिकाम्या जागांची साखळी, कारण सामान्य माणसाला या स्थलांतराची झळ तिच्यातूनच लागते. समजा, मुंबईतील एका मोठ्या खासगी रुग्णालयातील भूलतज्ज्ञ इंग्लंडला गेला. ती जागा काही रिकामी राहत नाही. चांगला पगार आणि मोठे शहर असल्यामुळे नाशिकच्या एखाद्या रुग्णालयातील भूलतज्ज्ञ तिथे जातो. नाशिकची जागाही फार दिवस रिकामी राहत नाही, कारण मालेगाव किंवा कळवण येथे काम करणारा कोणीतरी मुलांच्या शाळेसाठी नाशिकला येण्याची वाटच पाहत असतो. त्याच्या जागेवर आणखी आतल्या तालुक्यातला माणूस येतो. अशी एकेक पायरी उतरत ही रिकामी जागा अखेर जिथून पुढे कोणाला ओढून आणता येत नाही अशा ठिकाणी येऊन थांबते, आणि आपल्या जिल्ह्यात ते ठिकाण म्हणजे सुरगाणा किंवा पेठ. मुंबईच्या रुग्णाला कसलाही फरक जाणवत नाही. ज्या बाईला कोणी इंग्लंडला गेल्याचे कधी कळणारही नाही, तिच्या बाळंतपणात मात्र भूल द्यायला कोणी नसते.

भूलतज्ज्ञाचे उदाहरण मी मुद्दाम घेतले आहे. सिझेरियन करायचे तर स्त्रीरोगतज्ज्ञ, भूलतज्ज्ञ, बाळाकडे पाहणारा बालरोगतज्ज्ञ, प्रशिक्षित परिचारिका आणि रक्तसाठा हे सगळे एकाच वेळी हजर असावे लागते. यांपैकी एक जरी नसला तरी बाकीच्यांचे कौशल्य त्या घडीला निरुपयोगी ठरते आणि रुग्ण ‘रेफर’ केला जातो, म्हणजे १०८ च्या गाडीत घालून पुढे पाठवला जातो. म्हणून एक तज्ज्ञ गेल्याचा तोटा एका माणसाच्या कामाइतकाच नसतो. तो अख्ख्या चमूच्या कामाइतका असतो. मागे राहिलेल्या स्त्रीरोगतज्ज्ञालाही आपण इथे करायचे काय, असा प्रश्न पडू लागतो आणि काही काळाने तोही बदली मागतो. केंद्र सरकारच्या २०२१-२२ च्या ग्रामीण आरोग्य आकडेवारीनुसार देशभरातील सामुदायिक आरोग्य केंद्रांत, म्हणजे आपल्याकडच्या ग्रामीण रुग्णालयांच्या पातळीवर, आवश्यक तज्ज्ञांपैकी सुमारे ८० टक्के तज्ज्ञ कमी होते.

इथे एक खुलासा केलाच पाहिजे. ही सगळी तूट परदेशी गेलेल्यांमुळे झाली, असे म्हणणे चुकीचे ठरेल. सुरगाण्याची जागा रिकामी ठेवण्यात लंडनपेक्षा मुंबई, पुणे आणि खुद्द नाशिक यांचा वाटा कितीतरी मोठा आहे. उद्या एकाही डॉक्टरला व्हिसा मिळाला नाही, तरी ते सगळे सुरगाण्याला जाणार नाहीत. बहुतेक जण शहरातच दवाखाने उघडतील. परदेशगमनामुळे आधीच असलेला उतार अधिक तीव्र होतो. हा उतार देशाच्या आतही आहे आणि बाहेरही, व पाणी मात्र एकाच दिशेने वाहते.

देशाच्या आकारानेही फार फरक पडतो. २००० च्या आकडेवारीवरून केलेल्या अभ्यासानुसार गयाना, जमैका, हैती या देशांत जन्मलेल्या उच्चशिक्षितांपैकी ८० टक्क्यांहून अधिक लोक श्रीमंत देशांत राहत होते. भारताच्या बाबतीत हेच प्रमाण सुमारे ४ टक्के होते. आफ्रिकेतील मलावीतून या शतकाच्या सुरुवातीला परिचारिका इतक्या वेगाने ब्रिटनला गेल्या की एड्सची साथ ऐन भरात असताना तिथले प्रसूतिकक्ष चालवणे अवघड झाले. भारतासारखा मोठा देश एकूण संख्येच्या बळावर असा धक्का पचवतो. पण त्या सरासरीच्या पोटात सुरगाणा आणि पेठ असतात, आणि त्यांची अवस्था मलावीच्या जवळची असते.

आता दुसरी बाजू. परदेशातून घरी पाठवल्या जाणाऱ्या पैशात भारत जगात पहिला आहे. २०२४ मध्ये ही रक्कम सुमारे १२९ अब्ज डॉलर असल्याचा जागतिक बँकेचा अंदाज आहे. रिझर्व्ह बँकेच्या २०२३-२४ च्या पाहणीनुसार या पैशात सर्वांत मोठा वाटा अमेरिकेतून येतो, सुमारे २८ टक्के. आणि तो घेणाऱ्या राज्यांत २०.५ टक्क्यांसह महाराष्ट्र पहिला असून केरळ त्याच्या किंचित मागे आहे. आखाती देशांतील मजुरांच्या घामाचा पैसा ही जुनी ओळख आता पुरती खरी राहिलेली नाही. संगणक अभियंते, परिचारिका आणि डॉक्टर यांच्या पगाराचा हिस्सा वाढला आहे. परकीय चलनाच्या दृष्टीने याचे मोल मोठे आहे, कारण हा पैसा कर्ज नाही, त्यावर व्याज द्यावे लागत नाही, आणि अडचणीच्या काळातही तो परदेशी गुंतवणुकीसारखा एकदम आटत नाही.

पण हा पैसा उतरतो कुठे? तो कुटुंबाच्या खात्यात येतो. त्यातून गंगापूर रस्त्यावर किंवा इंदिरानगरला सदनिका घेतली जाते, आईवडिलांच्या औषधपाण्याची सोय होते, धाकट्या भावंडाचे शिक्षण होते. हे सगळे चांगलेच आहे आणि त्यात गैर काही नाही. परंतु जो कर बुडाला तो सरकारी होता व त्यातून पेठच्या रुग्णालयाचा खर्च भागू शकला असता, आणि जो पैसा आला तो खासगी आहे. दोन्ही रक्कमा कागदावर सारख्या असल्या तरी एकीची जागा दुसरी घेत नाही. शिवाय आता एक नवा प्रवाह उलट्या दिशेनेही वाहतो. पूर्वी शिष्यवृत्ती मिळवून जाणारे अधिक असत; आज परदेशात शिकणाऱ्या भारतीय विद्यार्थ्यांची संख्या १३ लाखांच्या पुढे गेली आहे आणि त्यांतील बहुतेकांचे शुल्क घरच्या बचतीतून किंवा घर तारण ठेवून घेतलेल्या कर्जातून जाते. म्हणजे पैसा घरी येण्याआधी बराच पैसा बाहेर जातो, आणि पुढे येणाऱ्या रकमेतील काही भाग त्याच कर्जाचे हप्ते फेडण्यात संपतो. अमेरिकेने सप्टेंबर २०२५ मध्ये कुशल परदेशी कर्मचाऱ्यांसाठीच्या नव्या एच-१बी व्हिसा अर्जांवर एक लाख डॉलरचे शुल्क लावले तेव्हा, कर्ज डॉलरच्या भरवशावर काढायचे आणि नोकरीचा निर्णय मात्र दुसऱ्या देशाच्या सरकारने करायचा, यातला धोका अनेक कुटुंबांना लख्ख दिसला.

फायद्याचा आणखी एक मार्ग अर्थशास्त्रज्ञांनी दाखवून दिला आहे आणि तो सहजासहजी लक्षात येत नाही. परदेशी जाण्याची शक्यता दिसली की त्या शिक्षणाकडे वळणाऱ्यांची संख्याच वाढते. फिलिपिन्समध्ये परिचारिकांसाठी अमेरिकेचे दार उघडले तेव्हा परिचर्या शिकणाऱ्या मुलींची संख्या इतकी वाढली की गेलेल्यांपेक्षा अधिक परिचारिका नव्याने तयार झाल्या. सगळ्यांनाच व्हिसा मिळत नाही, बऱ्याच जणी देशातच राहतात, आणि एकूण संख्या घटण्याऐवजी वाढते. केरळमधील परिचर्या महाविद्यालयांची वाढही याच धर्तीवर झाली. मात्र यासाठी एक अट आहे : मागणी वाढताच शिक्षणाच्या जागाही वाढल्या पाहिजेत आणि शिकवणारे मिळाले पाहिजेत. भारतात एमबीबीएसच्या जागा २०१४ मधील सुमारे ५१ हजारांवरून आता एक लाखाच्या वर गेल्या आहेत; पण इमारत दोन वर्षांत उभी राहते आणि प्राध्यापक घडायला पंधरा वर्षे लागतात. विषयात सर्वांत पारंगत असलेलेच बाहेर जात असतील, तर पुढच्या पिढीला शिकवणार कोण, हा प्रश्न कोणत्याही आकडेवारीत पुरता उतरत नाही.

काही माणसे परत येतात, आणि त्यांचा प्रभाव त्यांच्या संख्येच्या मानाने फार मोठा असतो. डॉ. जयंत नारळीकर केंब्रिजहून १९७२ मध्ये मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले आणि १९८८ मध्ये त्यांनी पुण्यात आयुका ही खगोलशास्त्राची संशोधन संस्था उभी केली. एका माणसाच्या परतण्यातून खगोलशास्त्रज्ञांच्या कितीतरी तुकड्या देशातच घडल्या. तैवानने १९८० मध्ये सिंचू येथे विज्ञान उद्यान उभारून अमेरिकेतील आपल्या अभियंत्यांना पद्धतशीरपणे साद घातली. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्समध्ये दीर्घकाळ काम केलेले मॉरिस चँग १९८५ मध्ये तैवानला आले, आणि त्यांनी १९८७ मध्ये स्थापन केलेली टीएसएमसी ही कंपनी आज जगाला संगणकाच्या चिप पुरवते.

नाशिककरांना याचे उदाहरण शोधायला दूर जावे लागत नाही. स्टॅनफर्डमध्ये शिकलेले आणि कॅलिफोर्नियात ओरॅकल कंपनीत काम केलेले राजीव सामंत १९९० च्या दशकात नोकरी सोडून नाशिकजवळच्या घरच्या जमिनीवर आले. कॅलिफोर्नियातील द्राक्षांचे मळे त्यांनी पाहिले होते. इथली हवा आणि माती पाहून त्यांनी वाइनच्या द्राक्षांची लागवड केली आणि तिथल्याच एका अनुभवी वाइन तज्ज्ञाची, केरी डॅम्स्की यांची, मदत घेतली. २००० मध्ये त्यांच्या ‘सुला’ कंपनीची पहिली वाइन बाजारात आली. नाशिकच्या द्राक्षांपासून वाइन करण्याचे प्रयत्न त्याआधीही झाले होते, पण आज जिल्ह्यात जो व्यवसाय उभा आहे, त्याला या परतीमुळे वेग आला हे मान्य करावे लागेल. तरीही त्यातला दुसरा भाग तितकाच महत्त्वाचा आहे. द्राक्षाची बाग जिवापाड जपणारा शेतकरी इथे दोन पिढ्यांपासून होता, निर्यातीचा अनुभव होता, आणि राज्य सरकारने २००१ मध्ये द्राक्षप्रक्रिया उद्योगासाठी स्वतंत्र धोरण आणले. बाहेरून आलेले ज्ञान रुजायला जमीन तयार लागते. ज्या क्षेत्रात ती तयार नसते, तिथे परत आलेला माणूस दोन-तीन वर्षे धडपडतो आणि पुन्हा विमान पकडतो. भारत सरकारने परतणाऱ्या शास्त्रज्ञांसाठी १९५८ मध्येच एक योजना सुरू केली होती, पण तात्पुरत्या नेमणुकीपुढे कायमची जागा मिळेल याची खात्री नसल्यामुळे तिचा उपयोग मर्यादित राहिला.

मग करायचे काय? माणसांना अडवून ठेवणे हा उपाय मला मान्य नाही. देश सोडून जाण्याचे स्वातंत्र्य हा माणसाचा हक्क आहे, आणि मनाविरुद्ध थांबवलेला डॉक्टर मन लावून काम करील अशी अपेक्षा धरता येत नाही. सरकारी महाविद्यालयातून एमबीबीएस झालेल्यांना महाराष्ट्रात एक वर्षाची बंधपत्रित सेवा द्यावी लागते. जनतेच्या पैशावर शिकल्यावर एवढी अपेक्षा रास्तच आहे. मात्र दरवर्षी बदलणाऱ्या नव्या डॉक्टरांनी तज्ज्ञाची जागा भरून निघत नाही. अर्थतज्ज्ञ जगदीश भगवती यांनी १९७० च्या दशकात सुचवले होते की परदेशी गेलेल्या उच्चशिक्षितांच्या कमाईवर काही वर्षे अल्पसा कर बसवून तो मायदेशाच्या विकासासाठी वापरावा. कल्पना न्याय्य होती. पण दुसऱ्या देशात राहणाऱ्याकडून कर वसूल करायचा तर त्या देशाने साथ द्यावी लागते, आणि ती कोणी दिली नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१० मध्ये आरोग्यकर्मचाऱ्यांच्या आंतरराष्ट्रीय भरतीसाठी आचारसंहिता केली आणि २०२३ च्या यादीत ५५ देश असे नोंदवले की जिथून सक्रिय भरती करू नये. भारत त्या यादीत नाही. देशाच्या सरासरीवर यादी ठरत असल्यामुळे मोठ्या देशातले कमकुवत तालुके तिच्या नजरेत येतच नाहीत.

साखळीच्या शेवटच्या कडीवर केलेल्या उपायांचा अनुभव अधिक आशादायक आहे. मलावीने २००४ पासून परदेशी मदतीच्या जोरावर आरोग्यकर्मचाऱ्यांच्या पगारात सुमारे निम्म्याने वाढ केली आणि प्रशिक्षणाच्या जागा वाढवल्या. त्यानंतर तिथली कर्मचारीसंख्या लक्षणीय वाढली. ग्रामीण भागातून आलेले विद्यार्थी शिक्षणानंतर ग्रामीण भागात काम करण्याची शक्यता इतरांपेक्षा अधिक असते, हे अनेक देशांत आढळले असून जागतिक आरोग्य संघटनेने त्यानुसार शिफारसही केली आहे. याचा अर्थ पेठ-सुरगाण्याच्या मुलामुलींना परिचर्या आणि वैद्यकशास्त्र शिकण्यासाठी दहावीपासूनच आधार देणे, एकेकट्या डॉक्टरऐवजी संपूर्ण चमू एकत्र नेमणे, राहायला धड घर देणे आणि ठरलेल्या वर्षांनंतर बदलीची हमी पाळणे. यांतले काहीच नवे नाही. जे करायचे ते ठाऊक असूनही होत नाही, याचेच दुःख वाटते.

एक संधी मात्र आत्ता समोर आहे. महाराष्ट्र सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये जर्मनीच्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पुरवण्याचा करार केला असून त्यात दहा हजार तरुणांना पाठवण्याचे उद्दिष्ट आहे; परिचारिकांपासून वीजतंत्रींपर्यंत अनेक व्यवसायांचा त्यात समावेश आहे. त्याच वर्षी जर्मनीने कुशल भारतीयांसाठीची वार्षिक व्हिसामर्यादा २० हजारांवरून ९० हजारांवर नेली. म्हणजे आजवर माणसे आपापली जात होती, आता राज्य स्वतः त्यांना पाठवू लागले आहे, आणि जिथे सरकार एक पक्ष आहे तिथे अटी घालता येतात. २०१८ च्या संयुक्त राष्ट्रांच्या स्थलांतरविषयक जागतिक करारात अशी एक पद्धत मांडलेली आहे की माणसे घेणाऱ्या देशाने मूळ देशातच प्रशिक्षणाचा खर्च उचलावा आणि त्यातून जाणारे व राहणारे असे दोन्ही गट तयार व्हावेत. जर्मनीला जाणाऱ्या प्रत्येक परिचारिकेमागे नाशिक, नंदुरबार किंवा गडचिरोलीसारख्या जिल्ह्यातल्या एका मुलीच्या परिचर्या शिक्षणाचा संपूर्ण खर्च जर्मन बाजूने द्यावा, आणि तिची नेमणूक तिच्याच तालुक्यात व्हावी, अशी अट या करारांच्या पुढच्या टप्प्यात घालून घेणे राज्याला अशक्य नाही. जर्मनीला माणसांची गरज आहे, आणि करार करताना आपल्या हाती तेवढे बळ निश्चित आहे.